जॅम का जमत नाही?



जेठ महिन्यात मला दोन प्रश्न हमखास येतात. पहिला म्हणजे आर्द्रा नक्षत्र कधी लागते, आंबे कधीपर्यंत चालतील? दुसरा, जॅम केला पण तो जमलाच नाही, बरणी वाकडी केली की सरबतासारखा इकडून तिकडे पळतो, आता काय करू? पहिल्याचे उत्तर पंचांगात आहे, साधारण २१-२२ जूनला. दुसऱ्याचे उत्तर जरा मोठे आहे आणि यंदा ते आमच्याच घरात द्यावे लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्या पुतणसुनेचा मुलगा अकरावीसाठी लातूरला गेला. आपल्या भागातली हुशार मुले लातूरला जातात हे काही नवे नाही, 'लातूर पॅटर्न' आता घराघरात माहीत आहे. हा मुलगा सोळा वर्षांचा. कंदमूळ आणि रात्रीचे जेवण त्याने स्वतःहून सोडलेले, कोणी सांगितले म्हणून नाही. मेसमध्ये संध्याकाळचे ताट आठच्या पुढे मिळते. म्हणून तो दुपारच्या जेवणातल्या चार पोळ्या बाजूला ठेवतो आणि सूर्यास्ताच्या आत खाऊन घेतो. त्या पोळ्यांबरोबर काय, तर आईच्या हातचा जॅम. एवढ्याचसाठी तिने २० मेच्या सुमारास चार किलो केशर आंब्याच्या गराचा जॅम केला होता.

१२ जूनला तिचा फोन आला. "काकी, त्याने बरणी उघडली तर फुस्स आवाज आला आणि वर फेस होता. त्याने तोंडाला लावला नाही, पण मला सांगितलंही नाही. सहा दिवस मिठाबरोबर कोरड्या पोळ्या खाल्ल्या पोराने." मग रडू. मग म्हणाली, "घरी नऊ बरण्या आहेत. सगळ्या परत उकळून घेतल्या तर चालतील ना?"

मी म्हटले, आधी सगळ्या बरण्या घेऊन इकडे ये. उकळायचे नंतर बघू.

इथे थोडे थांबून सांगते, कारण आपल्याकडे जॅम न जमणे ही फक्त पोळीवरून ओघळण्याची अडचण नाही. जॅम घट्ट होतो आणि जॅम टिकतो, या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी बरेचसे एकच कारण आहे. साखर पुरेशी असेल तर ती पाण्याला बांधून ठेवते. मग बुरशीला आणि आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवांना वाढायला मोकळे पाणी उरत नाही. पातळ राहिलेल्या जॅममध्ये ते उरते. आज पातळ दिसणारा जॅम तीन आठवड्यांनी फसफसतो, त्याचा वास-चव बदलते, म्हणजे तो चलित रस झाला. वर पांढरा-हिरवा थर आला तर नीलण-फूलण. आपल्या वडीलधाऱ्या बायका मुरंब्याचा पाक तीन तारी हवा म्हणून अडून बसायच्या, एकतारी पाकाचा मुरंबा फार दिवस ठेवू द्यायच्या नाहीत, त्यामागे हेच होते. जीवोत्पत्ती होऊ न देणे हा पहिला मुद्दा, गोडी त्यानंतर.

सरकारी नियमही याच्या जवळच येऊन थांबतो. फळपदार्थांच्या १९५५ च्या आदेशात जॅममध्ये विरघळलेले घन पदार्थ (यात मुख्यतः साखरच) किमान ६८ टक्के लागत. हल्लीच्या अन्नसुरक्षा नियमांत ते ६५ टक्के आहे आणि फळ किमान ४५ टक्के. घरी आपण रसायने घालत नाही, म्हणून मी अजून जुना ६८ चाच आकडा धरते.

आता तिच्या जॅमचा हिशेब. बीकॉम होऊन चाळीस वर्षे झाली तरी मला ताळेबंद मांडल्याशिवाय चैन पडत नाही. गर ४ किलो. साखर तिने घातली दीड किलो, कारण कुठेतरी वाचले की साखर वाईट. पिकलेल्या आंब्याच्या गरात स्वतःचीही साखर असते, ढोबळ धरायची तर किलोमागे १५० ग्रॅम. म्हणजे ६०० अधिक १,५००, एकूण २,१०० ग्रॅम. बरण्या भरल्या ११, प्रत्येकी ४०० ग्रॅमच्या, म्हणजे ४,४०० ग्रॅम माल. २,१०० भागिले ४,४००, आले ४८ टक्के. कुठे ६८ आणि कुठे ४८! तेवढ्या साखरेत ६८ टक्के गाठायचे तर माल आटून ३,१०० ग्रॅमच्या आत यायला हवा होता. सव्वा किलोहून जास्त पाणी बरण्यांत तसेच बसले होते. ते फसफसले नसते तरच नवल.

हा वजनाचा हिशेब प्रत्येकीने करावा असे माझे मत आहे. रिकाम्या कढईचे वजन आधी लिहून ठेवायचे. मग फळाची अंदाजे साखर आणि घातलेली साखर यांची बेरीज करून तिला ०.६८ ने भागायचे. तेवढे वजन भरले की गॅस बंद. एक किलो गर आणि ७५० ग्रॅम साखर असेल तर ९०० भागिले ०.६८, म्हणजे साधारण १,३२० ग्रॅम. डोळ्यांना फसवता येते, काट्याला नाही. ज्यांच्याकडे पाकाचा थर्मामीटर आहे त्यांनी आधी साधे पाणी उकळून आकडा बघावा आणि त्यात साडेचार ते पाच अंश मिळवावेत. पुस्तकात १०५ लिहिलेले असते ते समुद्रसपाटीचे. गाव जितके उंच तितके पाणी कमी अंशाला उकळते.

पण नुसत्या साखरेने पाक होतो, जॅम होत नाही. आणखी दोन गोष्टी लागतात, पेक्टिन आणि आंबटपणा. पेक्टिन हा फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून धरणारा पदार्थ. १८२५ मध्ये ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. जॅममध्ये त्याचे लांब धागे एकमेकांत अडकून जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाक अडकतो, तेच आपले 'जमणे'. पाण्यात हे धागे एकमेकांना दूर ढकलतात. आंबटपणा ते ढकलणे थांबवतो आणि साखर मधले पाणी ओढून घेते. तिघांपैकी एक जरी कमी पडले तरी जाळी विणली जात नाही. म्हणून कोणी विचारले की जॅम का जमला नाही, तर मी उलट विचारते: फळ किती पिकलेले होते, लिंबू पिळले का, साखर किती आणि किती वेळ उकळलेस?

फळ पिकते तेव्हा त्याच्यातले पेक्टिन तुटत जाते, म्हणून तर ते मऊ होते. आंबटपणाही कमी होतो. पूर्ण पिकलेला केशर खायला उत्तम आणि जॅमला सगळ्यात अवघड. नेमका तोच आपण जॅमला काढतो, कारण आढीतले शेवटचे मऊ पडलेले आंबे संपवायचे असतात. साखरांबा कधी फसल्याचे ऐकले आहे का? नाही, कारण तो कैरीचा असतो. कैरीत आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही भरपूर. पेरू, आवळा, कवठ, करवंद हीसुद्धा पेक्टिनची श्रीमंत फळे. चिकू, पिकलेली पपई, अननस, स्ट्रॉबेरी ही गरीब. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा घरी केलेला जॅम पातळ होतो म्हणून पुण्याच्या मैत्रिणी कुरकुरतात, त्याचे कारण हेच. आपल्या इस्लापूर-किनवटकडचा गावरान आंबा मात्र जॅमला केशरपेक्षा चांगला. जरा आंबटसर असतो. रेषा असतात, त्या गाळून घ्यायच्या. केशर नांदेडहून आणायचा आणि दारात आलेला गावरान आंबा रसाला सुद्धा नको म्हणायचे, ही आपली नवी खोड आहे.

घट्टपणासाठी काय घालायचे, यावर आपल्याला जपून बोलले पाहिजे. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून होते, त्याचा प्रश्नच नाही. चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून. शेवाळ अनंतकायात येते, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळजणी तेही घेत नाहीत, आमच्या घरी नाहीच. बाजारच्या जॅमवर ४४० हा आकडा दिसला तर मात्र घाबरू नये. ते पेक्टिनच, लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेले. मोठ्या शहरात त्याची पावडर मिळते. मला तिची कधी गरज वाटली नाही. चार किलो गराला एक किलो कैरी सोलून, वाफवून, गाळून घातली की काम होते. कैरी नसेल तेव्हा मोसंबीची सालीखालची पांढरी गादी आणि बिया पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून गराबरोबर शिजवायच्या आणि शेवटी पुरचुंडी पिळून काढून घ्यायची. सोबत किलोमागे दोन लिंबांचा रस.

उकळण्याचेही गणित आहे. पुतणसुनेने पाचसाडेपाच किलोचा माल एकाच पातेल्यात मंद गॅसवर जवळजवळ अडीच तास ठेवला होता. करपू नये म्हणून मंद, हेतू चांगला. पण आंबट रसात तासन् तास उकळल्याने पेक्टिनचे धागे तुटतात, जे थोडेफार होते तेही गेले. आणि अरुंद पातेल्यातून पाणी उडत नाही. पसरट कढई घ्यावी, एका वेळी दीड किलोहून जास्त गर नको. आधी बिनसाखरेचा गर आणि कैरी शिजवून जरा आटवून घ्यावी, मग साखर, ती विरघळली की मोठ्या आचेवर भराभर. साखर गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या वर उकळावे लागत असेल तर गर आधीच जास्त आटवायला हवा होता असे समजावे. हात भाजण्याइतका जॅम उडतो, म्हणून लांब दांड्याचा झारा आणि हाताला फडके.

झाला की नाही हे कढईत बघून कळत नाही. गरम जॅम पातळच दिसतो, तो जमतो थंड झाल्यावर, कधी पूर्ण दिवस घेतो. इंग्रजी पुस्तकांत ताटली फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात. आम्ही बर्फ वापरत नाही, मी स्टीलची ताटली माठाजवळ ओल्या फडक्यावर ठेवते. तिच्यावर थेंब टाकून दोन मिनिटांनी बोटाने ढकलायचा. वर सुरकुती पडली तर झाला, पाण्यासारखा पळाला तर नाही. परीक्षा होईपर्यंत गॅस बंद ठेवावा, नाहीतर तेवढ्यात पुढे जातो. फार पुढे गेला, किंवा लिंबू कमी पडले, तर महिन्याभरात तळाशी साखरेचे खडे धरतात, तो वेगळाच ताप. काही पुस्तकांत पेक्टिन ओळखायला स्पिरिट घालून बघायची चाचणी असते, ती आपल्या स्वयंपाकघरात नकोच.

आता त्या नऊ बरण्या. एकेक उघडून वास घेतला, कडेने बुडबुडे बघितले. दोन फसफसल्या होत्या, सात ठीक होत्या, नुसत्या पातळ. पुतणसून म्हणाली, त्या दोन पण उकळून घेऊ ना, उकळल्यावर सगळे मरतेच की. मी तिला म्हटले, तू काय बोललीस ते परत एकदा ऐक. ती गप्प झाली. ज्यात जीव पडले आहेत हे कळले, ते आपल्या जिभेसाठी कढवायचे नाही. आणि कढवले तरी गेलेली चव परत येत नाही, हा दुसरा भाग. आठशे ग्रॅम आंबा गेला, गेला. तिला त्याचे वाईट वाटले, मलाही वाटले, केशरचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

टाकायचे कसे, हेही सांगून ठेवते, कारण बहुतेकजणी मोरीत ओतून मोकळ्या होतात. गोड माल नाल्यात गेला की मुंग्या, माश्या त्यात चिकटून मरतात. आम्ही परसात कोरडी जागा उजेडात नीट बघून घेतली, भरपूर राख आणि कोरडी माती मिसळून तो पातळ पसरवून परठवला, वरून परत राख. बरण्या आधी राखेने कोरड्या पुसल्या, मग धुतल्या.

उरलेल्या सात बरण्यांचा पुन्हा हिशेब. २,८०० ग्रॅम माल, ४८ टक्क्यांनी त्यात साखर १,३४० च्या आसपास. त्यात अर्धा किलो कैरीचा वाफवलेला गर घातला, त्याचे ५० धरले. साखर आणखी ४००. एकूण १,७९०, भागिले ०.६८, म्हणजे सगळे मिळून २,६३० ग्रॅमवर थांबायचे. तीन घाण्यांत केले. आधी जुना जॅम आणि कैरी दहा-बारा मिनिटे, मग साखर, शेवटी प्रत्येक घाण्याला एका लिंबाचा रस. सकाळी आठला सुरुवात केली ती दोनच्या आत आवरायचे म्हणून. दिवा लावून जॅम उकळत ठेवायचा नाही हा आमच्या घरचा कडक नियम आहे, गोड वाफेला आणि उजेडाला पाखरे येतात आणि थेट कढईत पडतात. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात कडकडीत वाळवलेल्या बरण्यांत गरम गरमच भरले, काठ पुसून झाकणे लावली. साडेसहा बरण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बरणी आडवी केली तर जॅम जागचा हलला नाही. पुतणसुनेने ती बरणी सासूला, नवऱ्याला, शेजारणीला सगळ्यांना आडवी करून दाखवली.

एक शंका तिच्या सासूबाईंनी काढली आणि ती रास्त होती. आर्द्रा लागल्यावर आंबा बंद, मग आंब्याचा जॅम पुढे चालेल का? आमच्याकडे आर्द्रेच्या आधी पक्क्या पाकात केलेला मुरंबा चालवून घेतात, पण सगळ्या घरांत, सगळ्या परंपरांत सारखे नाही. मुदतीचेही तसेच. तुम्ही ज्यांना मानता त्या महाराज साहेबांना किंवा महासतीजींना विचारून घ्यावे. आम्ही विचारले तेव्हा सांगितले, रोज उघडताना वर्ण, गंध, रस बघा, बदल दिसला त्या दिवशी थांबा, आणि पोराला तेवढे शिकवूनच पाठवा. मग तिने त्याला फोनवर शिकवले: कोरडा चमचा, पोळीचा कण लागलेला परत आत घालायचा नाही, बरणी खिडकीतल्या उन्हात ठेवायची नाही, झाकण पुसून ठेवायचे म्हणजे मुंग्या येत नाहीत. मोठ्या बरणीऐवजी तीन बरण्यांचा माल दीड-दीडशे ग्रॅमच्या लहान बाटल्यांत भरून दिला, म्हणजे उघडलेली बाटली आठवड्यात संपते.

साखर कमी करून जॅम करता येईल का, हे विचारणाऱ्या मधुमेही मैत्रिणींना माझे सरळ उत्तर आहे की टिकाऊ जॅम होणार नाही. गर आटवून थोडा करा, त्याच दिवशी संपवा आणि त्याला जॅम म्हणू नका. सीताफळाबद्दलही आताच सांगून टाकते. दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे जंगलातली सीताफळे टोपल्यांनी येतात आणि मग कोणीतरी जॅमचा प्रयोग करते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, लिंबू-साखरेने तो दोष जात नाही. तो गर थंड दुधात किंवा बासुंदी निवल्यावर घालावा. हिवाळ्यात मोसंबी-संत्री येतात, त्यांच्या सालीतच पेक्टिन असते, तेव्हा मार्मलेड करा. 'नोगा' हे नाव आपल्या पिढीने मार्मलेडच्या बाटलीवरच वाचले, ते मुळात नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. साल किती वेळ भिजवायची, कडूपणा किती काढायचा, ते पौष महिन्यात लिहीन.

मुलाला लहान बाटल्या पोचल्या १७ तारखेला. त्याचा आईला मेसेज आला, "खोलीतल्या दोघांना पण आवडला, त्यामुळे आठवडा नाही, चार दिवस." ती आता विचारते आहे की आर्द्रेच्या आत आणखी दोन किलो करावा का. गावरान आंबे अजून आहेत. मी तिला शनिवारी सकाळी आठला, वजनकाटा घेऊन यायला सांगितले आहे.